रकाना ३ : निरंक

बिनतारी संदेश आला तेव्हा दिवसपाळीचा ठाणे अंमलदार मीच होतो. तणावात असलेल्या सहकाऱ्यांना आधार देण्यासाठी प्रत्येक ठाण्यातून दोन अंमलदार तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवा, असा मजकूर होता. असल्या प्रशिक्षणाला कोण जातं हे खात्यात नोकरी केलेल्याला सांगायला नको. ज्याच्यावाचून ठाण्याचं काही अडत नाही, तो. हजेरीचं रजिस्टर उघडून मी दोन नावं मनात धरलीसुद्धा होती. पण संदेशाला दुसरा परिच्छेद होता. नावं प्रभारी अधिकाऱ्यांनी द्यायची नाहीत. हजेरीच्या वेळी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्यायची आणि एकच विचारायचं : रात्री दोन वाजता काही सुचेनासं झालं, तर ठाण्यातल्या कुणाला फोन कराल?

त्या दिवशी हजर होते ६१ जण. ९ चिठ्ठ्या कोऱ्या आल्या, दोघांनी देवाचं नाव लिहिलं होतं, एकाने हायवेवरच्या ढाबेवाल्याचं. सगळ्यात जास्त वेळा नाव आलं ते एका शिपायाचं. हा गडी काही वर्षांपूर्वी पिऊन ड्युटीवर आला म्हणून निलंबित झाला होता, विभागीय चौकशी झाली, एक वेतनवाढ गेली, मग दारू सुटली. दुसरं नाव माझं. साहेबांनी पहिलं नाव वाचून कपाळाला हात लावला. "हा कुणाला आधार देणार? याला सावरता सावरता आपली दोन वर्षं गेली." पण चिठ्ठ्या लिफाफ्यात सीलबंद करून मुख्यालयात पाठवायच्या होत्या, त्यामुळे इलाज नव्हता.

माझं नाव का आलं याचं मला नवल वाटत होतं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुम्ही बोलत नाही ना, लोकांना वाटतं ऐकताय."

आम्हाला आरोग्याचं कुणी काही केलं नव्हतं असं नाही. पोलीस कुटुंब आरोग्य योजना २००५ पासून आहे, तिच्यावर कितीतरी जणांच्या बायपास झाल्या, आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. उलट छातीवरचा टाका दाखवून लोक बंदोबस्तातून सूट मागतात. वर्षातून एकदा डोळे तपासणी, साखर तपासणी व्हायची. एकदा मुख्यालयाच्या मैदानावर तणावमुक्तीचं शिबिर झालं. पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ डोळे मिटायला सांगत होते. आम्ही रात्रपाळी करून थेट तिकडे नेलेली माणसं, डोळे मिटले ते मिटलेच. मागच्या दोन रांगा घोरत होत्या. त्या गृहस्थांना वाटलं ध्यान लागलं. खरं सांगायचं तर तेवढी झोप हाच त्या शिबिराचा उपयोग.

आणि बोलायचं म्हटलं तर कुठे बोलणार? दरबारात, म्हणजे साहेब सगळ्यांच्या तक्रारी ऐकतात त्या सभेत, उभं राहून क्वार्टरची गळती सांगता येते, बदली मागता येते. ऑर्डरली रूममध्ये, साहेबांसमोर शिस्तीच्या सुनावणीला, कसुरीचं उत्तर देता येतं. संघटना नाही. मी भरती झालो तेव्हा जुने सहायक फौजदार ऑगस्ट १९८२ च्या गोष्टी दबक्या आवाजात सांगायचे. मुंबईतल्या पोलिसांनी काळ्या फिती लावल्या, मग संप, दंगल, लष्कर रस्त्यावर, संघटनेची मान्यता गेली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या पिढीने पुढच्या पिढीला एवढंच शिकवलं की चार शिपाई एकत्र बसून दुःख सांगू लागले की वरून त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

प्रशिक्षण मुख्यालयाच्या सभागृहात होतं. बरोबर युनिफॉर्म आणायचा नाही असा निरोप होता, त्यामुळे पहिला तास कोण कुठल्या हुद्द्याचा हे ओळखण्यातच गेला. शिकवायला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसशास्त्रज्ञ मॅडम आणि एक निवृत्त पोलीस अधिकारी होते. मॅडमनी दारातच सगळ्यांची पेनं काढून एका डब्यात ठेवायला लावली. पेन काढून घेतलेला पोलीस पाहिलाय का कधी? माझा हात दिवसभर खिशाकडे जात होता.

मग जोड्या लावल्या. एकाने अडचणीतला सहकारी व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं. माझ्या वाट्याला वाहतूक शाखेचा एक हवालदार आला. तो म्हणाला, "घरी भांडणं होतात, झोप येत नाही." मी कामाला लागलो. कधीपासून? भांडण कुणी काढलं? त्या वेळी घरात कोण कोण हजर होतं? मेहुण्याचा काय संबंध? पैशाचा काही वाद? आठ मिनिटांनी मॅडमनी थांबवलं. त्या मागे उभ्या राहून मोजत होत्या. मी तेवीस प्रश्न विचारले होते.

"हवालदार, तुम्ही याचा जबाब घेतलात," त्या म्हणाल्या. "आता फक्त सही राहिली."

सगळे हसले, पण सभागृहातल्या चाळीसपैकी पस्तीस जणांनी तेच केलं होतं. वीस वर्षं आम्ही कान वापरतो ते विसंगती पकडायला. माणूस बोलतो त्यातलं खोटं कुठलं, लपवलंय काय, हे ऐकू येतं, आणि जे सांगतोय ते निसटतं. उरलेल्या पाच जणांत आमचा तो निलंबित झालेला शिपाई होता. त्याने समोरच्याला आठ मिनिटांत दोनदा "मग?" म्हटलं आणि एकदा पाणी दिलं. नंतर मी त्याला विचारलं, तुला हे कसं जमलं? तो म्हणाला, "दादा, चौकशीत मला अकरा महिने सगळ्यांनी प्रश्नच विचारले होते."

दुपारच्या सत्रात निवृत्त साहेबांनी हा प्रकार आला कुठून ते सांगितलं. मला इतिहासाचा कंटाळा, पण हा ऐकला. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९६८ मध्ये मार्टिन रायझर नावाचा मानसशास्त्रज्ञ पूर्णवेळ नेमला. आपल्या खात्यात असा माणूस ठेवणारं ते पहिलं पोलीस दल म्हणतात. पण पोलीस सहजासहजी डॉक्टरकडे जातो थोडाच! बोस्टनमध्ये सत्तरच्या दशकात पोलिसांनीच पोलिसांसाठी ऐकायचं काम सुरू केलं. दारूच्या बाटलीतून बाहेर आलेल्या माणसाशी दारूत असलेला माणूस बोलतो, हा साधा हिशोब. पुढे १९८१ मध्ये लॉस एंजेलिसनेही साध्या पोलिसांना ऐकायचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. तेव्हा मी आमच्या शिपायाकडे बघितलं. चिठ्ठ्यांनी बरोबर माणूस निवडला होता.

१९८३ मध्ये जेफ्री मिचेल या अमेरिकन माणसाने एक पद्धत मांडली. मोठी दुर्घटना झाली की त्यात काम केलेल्या सगळ्यांना दोन-तीन दिवसांत गोल बसवायचं आणि क्रमाने काय पाहिलं, काय वाटलं ते बोलायला लावायचं. जगभर ती उचलली गेली. मग अभ्यास झाले आणि दिसलं की एकदाच बसवून अशी उजळणी केल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २००५ मध्ये सरसकट असं करू नका म्हणून सांगितलं. "थोडक्यात," साहेब म्हणाले, "अपघात झाला, प्रेतं उचलली, की लगेच माणसाला धरून बोलतं करायचं नाही. चहा द्या, घरी सोडा, जेवला का विचारा, दोन दिवसांनी परत फोन करा. त्याला बोलायचं असेल तेव्हा तुम्ही सापडा, बस्स." मला ते पटायला वेळ लागला नाही.

माझी एक ए.डी. आहे. म्हणजे अकस्मात मृत्यूचं एक प्रकरण. शेततळ्यात बुडालेलं पोर, माझ्या थोरल्याच्या वयाचं. इन्क्वेस्ट पंचनामा मी लिहिला. अंगावरच्या कपड्यांचं वर्णन लिहावं लागतं. शर्टाची वरची दोन बटणं चुकीच्या काजात होती, तेही लिहिलं. घरी आलो, जेवलो, झोपलो. त्यानंतर कितीतरी मोठी प्रकरणं हाताळली, त्यांचे गुन्हा रजिस्टर नंबर आठवत नाहीत. त्या ए.डी.चा नंबर अजून पाठ आहे. तिसऱ्या दिवशी जोडीत बसल्यावर मी तो नंबर बोललो. बटणांचं बोललो नाही. समोरच्या महिला हवालदाराने काही विचारलं नाही, आणि मला कळलं की न विचारणं हे किती कष्टाचं काम आहे.

सगळ्यात जास्त वाद झाला तो गुप्ततेवर. खात्यात जे डायरीत नाही ते घडलंच नाही. पाणी पिऊन आलो तरी आमची आगमन-प्रस्थानाची नोंद लागते. इथे मॅडम सांगत होत्या, कुणी काय बोललं त्याची कुठेही नोंद करायची नाही. एका रायटरने, म्हणजे ठाण्यातलं लिखापढीचं काम बघणाऱ्या अंमलदाराने, लगेच हात वर केला. "उद्या चौकशी अधिकाऱ्याने मला विचारलं तर?" प्रश्न बरोबर होता. पुराव्याच्या कायद्यात नवरा-बायकोतल्या आणि वकील-अशिलातल्या बोलण्याला संरक्षण आहे. हवालदाराने हवालदाराला सांगितलेल्याला नाही. कोर्टाने विचारलं तर सांगावं लागेल. त्यावर तोडगा निघाला तो असा, की समोरचा एखाद्या गुन्ह्याविषयी किंवा चालू चौकशीविषयी बोलायला लागला की आधीच थांबवायचं : हे मला सांगू नका, वकिलाला सांगा. बाकी जे असेल ते आपल्यापाशी. फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल तर नाही. तेव्हाही त्याच्या पाठीमागे नाही, त्याला सांगून.

आणि एक प्रश्न मात्र सरळ विचारायला शिकवलं. जीव द्यायचा विचार येतो का? हा प्रश्न विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेली गोष्ट शिरते असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. तसं होत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं, असं मॅडमनी सांगितलं. माझ्या तेवीस प्रश्नांत हा एक नव्हता.

प्रशिक्षण संपलं, ठाण्याच्या फळ्यावर आम्हा दोघांचे मोबाइल नंबर लागले. खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही होता. चार महिने एकही फोन आला नाही. चेष्टा मात्र रोज. "डॉक्टर, माझा मूड बघा जरा." ठाण्यात चहा मागवला तरी कुणीतरी म्हणायचं, तणावमुक्तीचा एक कट. मग हळूहळू लोक आले, पण दुसऱ्याच कामांनी. एकाला पतसंस्थेच्या कर्जाला जामीन हवा होता. एकाच्या मुलीची दहावी होती आणि बदली आली होती. एका महिला शिपायाला आठ महिन्यांच्या बाळाला सोडून मोर्चाच्या बंदोबस्तात अठरा तास उभं राहावं लागलं होतं, ती रडली आणि म्हणाली, मला तुमचं समुपदेशन नको, ड्युटी बदलून द्या.

तिचं बरोबर होतं. आणि हे मी प्रशिक्षणातही बोललो होतो. आठ तासांची ड्युटी द्या, अर्धे लोक आमच्याकडे यायचेच नाहीत. मुंबईत देवनार ठाण्यात मे २०१६ मध्ये ती करून दाखवली, योजना मांडली होती तिथल्याच एका शिपायाने आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. २०१७ च्या सुरुवातीला ती मुंबईतल्या बाकी ठाण्यांत गेली. म्हणजे ते अशक्य नाही. आमच्याकडे ती येते आणि जाते. सण आला की गेली, निवडणूक लागली की गेली, कुणा मोठ्याचा दौरा असला की गेली. वर्षात उरतात किती दिवस? किरकोळ रजा १२ वरून २० झाल्या, पण रजा मंजूर होणं आणि रजेवर जाता येणं यात आमच्याकडे एक बंदोबस्त आडवा असतो. ऐकणारा माणूस ठेवला म्हणून उभ्या माणसाचे पाय दुखायचे थांबत नाहीत. त्या महिला शिपायासाठी मी एवढंच केलं, की तिच्याबरोबर साहेबांकडे गेलो आणि दारात तिच्या शेजारी उभा राहिलो. तीन महिने दिवसपाळी मिळाली.

पाचव्या महिन्यात पहाटे तीनला फोन वाजला. मुख्यालयातला एक शिपाई, कोषागाराच्या गार्डवर. माझी त्याची ओळख जेमतेम, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नाक्यावर एकत्र ड्युटी केली होती तेवढीच. त्या वर्षी त्याचे वडील गेले, आणि हा नाक्यावर असल्यामुळे खांदा द्यायलाही पोचला नव्हता. "काही नाही दादा, जागे आहात का बघितलं." मी म्हटलं जागा आहे. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. पूर्वीचा मी असतो तर काय झालं, घरचं बरं आहे ना, पिला नाहीस ना, असं सुरू केलं असतं. मी विचारलं, "जीव द्यायचा विचार येतोय का?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "येतो." पुढे म्हणाला, "रायफल समोर आहे म्हणून फोन केला."

मी बोलत राहिलो आणि बायकोने गाडीची किल्ली हातात दिली. तिला काही सांगावं लागलं नाही. वाटेत त्याला म्हटलं, हे मी एकटा पोटात ठेवू शकत नाही, गार्ड कमांडरला उठवतोय, पण तुझ्यासमोर आणि तुला विचारून. तो म्हणाला, "माझं शस्त्र काढून घेतील. मग संपलं." हेच त्याचं मोठं भय होतं. जीव जायचं नव्हे, शस्त्र जायचं. ज्याचं शस्त्र काढलं तो खात्यात अर्धा माणूस. त्याला वेडा म्हणतात, नाजूक म्हणतात, त्याच्या बायकोला पोलीस लाईनच्या नळावर ऐकावं लागतं.

कमांडर जुना सहायक फौजदार होता. त्याने एक शब्द न विचारता रायफल आणि राउंड मोजून घेतले, दुसरा माणूस मागवला, आणि मग नोंदीपाशी येऊन अडला. कारण काय लिहू? आम्ही दोघेही खोटी नोंद करणारे नव्हतो. शेवटी त्याने लिहिलं : प्रकृती अस्वस्थ, बदली अंमलदार हजर. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

सकाळी साध्या कपड्यात जिल्हा रुग्णालय. ज्या आवारात आम्ही आरोपीला मेडिकलला घेऊन जातो, तिथेच मनोविकाराच्या रांगेत बसलो. तिथला शिपाई मला ओळखत होता. त्याने विचारलं, "कुणाला आणलंय साहेब?" मी म्हटलं, आम्ही दोघे आलोय. डॉक्टरांनी त्याला पाऊण तास दिला, गोळ्या दिल्या, सहा आठवड्यांची विश्रांती लिहिली. मधल्या सुट्टीत मी आवारातच त्याच्याबरोबर वडापाव खाल्ला. तो सकाळपासून पहिल्यांदा काही खात होता.

मला धास्ती होती ती वरच्या कार्यालयाची. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं, त्याला नाही. नाव त्यांना माहीत होतं, गार्डमधून माणूस हलला की कळतंच. त्यांनी विचारलं, "तो बोलला काय?" मी म्हटलं, सर, ते मला सांगता येणार नाही. वीस वर्षांच्या नोकरीत पोलीस अधीक्षकाला मी पहिल्यांदा नाही म्हटलं, गुडघे खरोखर कापत होते. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. त्याला काय लागेल ते सांगा." रजा वैद्यकीय कारणास्तव म्हणून लागली, आजाराचं नाव कागदावर कुठे गेलं नाही. परतल्यावर तो बिनशस्त्र कामावर, वायरलेस कक्षात बसला. लाईनमध्ये व्हायची ती चर्चा झाली. त्याच्या मुलाला शाळेच्या रिक्षात कुणीतरी काहीतरी बोललं, त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

सात महिन्यांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आलं आणि एका सकाळी शस्त्रागारात त्याच्या नावावर पुन्हा रायफल चढली. शस्त्रागाराच्या खिडकीपाशी तेव्हा पंधरा-वीस जण उभे होते. कुणी काही बोललं नाही. त्याने सही केली, रायफल घेतली, गार्डच्या गाडीत बसला.

त्या आठवड्यात मला चार फोन आले, चारही त्या खिडकीपाशी उभ्या असलेल्यांपैकी. फळ्यावरच्या नंबरने, पत्रकांनी, शिबिरांनी जे झालं नव्हतं ते त्या एका सहीने झालं. आमचा शिपाई तर आता माझ्यापेक्षा जास्त बिझी असतो, दारूवाले सगळे त्याच्याकडे. साहेब आता म्हणतात, मी तेव्हाच ओळखलं होतं.

गेल्या तिमाहीत मुख्यालयातून एक प्रपत्र आलं. सहकारी सहाय्यकांच्या कामाचा आढावा. रकाना १, भेटींची संख्या. रकाना २, ठिकाण. रकाना ३, संबंधित अंमलदाराचे नाव, बक्कल नंबर व समस्येचे स्वरूप. रकाना ४, केलेली कार्यवाही. मी संख्या लिहिली आणि रकाना ३ मध्ये "निरंक", म्हणजे काही नाही, असं लिहून पाठवलं. आठ दिवसांनी लिपिकाची त्रुटी आली : रकाना १ मध्ये १७ दर्शविले असता रकाना ३ निरंक कसा, खुलासा करावा. मी खुलासा केला की प्रशिक्षणातील सूचनेनुसार नावे नोंदविलेली नाहीत. परत त्रुटी आली. त्यावर मॅडमना फोन केला, त्यांनी मोठ्या साहेबांना केला, तिकडे काय झालं ते मला माहीत नाही. या तिमाहीचं प्रपत्र परवा आलं. चारही रकाने तसेच आहेत. मी १९ लिहिले, तिसऱ्यात निरंक, आणि सही करून रवाना केलं.